पीएचडी अर्ध्यावर सोडली तर विज्ञानात राहता येईल का?

आधी तुमचं म्हणणं मला जसं कळलं तसं मांडतो. तुम्ही मूळच्या तासगावकडच्या. एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्री, मग सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) ची नेट ही पात्रता परीक्षा, आणि त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप. पुण्यातल्या एका संस्थेत औषधी वनस्पतींतले घटक वेगळे काढून त्यांची रचना ठरवण्याचं काम करताय आणि चौथं वर्ष संपत आलंय. पेपर एकही नाही, गाइडशी बोलणं जवळजवळ बंद आहे, आणि फेलोशिप पुढच्या वर्षी संपेल. पीएचडी सोडायची मनात आहे, विज्ञान सोडायचं नाही. घरचे म्हणतात, एवढी वर्षं घातलीस तर आता संपवूनच ये. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की पीएचडी नसताना आपल्याला केमिस्ट म्हणून दारात तरी कोण उभं करणार.

मी औषध उद्योगात अ‍ॅनालिटिकल डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे औषधं तपासण्याच्या पद्धती बसवण्याच्या कामात, वीसेक वर्षं आहे. माझं शिक्षण एमएस्सीच. बरीच वर्षं मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसतोय, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. बायोलॉजी किंवा फिजिक्सवाल्यांना यातलं निम्मंच लागू पडेल.

'कोणकोणती क्षेत्रं खुली आहेत' याच्या याद्या पुष्कळ सापडतात, आणि त्या वाचून माणूस आणखी गोंधळतो. तुमची खरी अडचण वेगळी आहे. थीसिस बाजूला काढला तर या चार वर्षांतलं असं काय उरतं, जे दुसरा कुणी तपासून बघू शकतो आणि ज्याचे पैसे द्यायला तयार होईल? त्याचं उत्तर तुमच्या विषयाच्या शीर्षकात सापडणार नाही. तुमचे हात रोज कोणत्या यंत्रावर होते आणि अडल्यावर तुम्ही काय करत होतात, त्यात सापडेल. म्हणून मी आधी तिकडेच जाणार आहे. पण त्याआधी सोडण्याच्या निर्णयाबद्दल थोडं, कारण तुमच्या प्रश्नात एक धागा सुटलेला दिसतो.

पेपर नाही म्हणून सोडावं लागेल, असं तुम्ही गृहीत धरलंय. हे तुमचं रजिस्ट्रेशन कधीचं आहे त्यावर अवलंबून आहे. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) जुने, २०१६ चे नियम थीसिस सादर करण्याआधी किमान एक पेपर आणि परिषदांत दोन सादरीकरणं मागत होते. नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमांनी ही सक्ती काढली. त्याआधी नोंदणी झालेल्यांना जुनेच नियम लागतात, आणि नंतरच्यांनाही संस्था स्वतःची अट घालू शकते. तेव्हा गाइडला किंवा सीनियर्सना विचारू नका. थेट शैक्षणिक विभागात जाऊन तुमच्या बॅचची नियमावली मागा. मुदतीचंही तसंच. नव्या नियमांत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. फेलोशिप मात्र जेआरएफ आणि तिच्या पुढचा टप्पा एसआरएफ मिळून पाच वर्षांचीच. म्हणजे मुदत संपत नाहीये, पैसे संपताहेत. या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. नव्या नियमांत अर्धवेळ पीएचडीलाही वाट आहे, नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र असेल तर. तुमच्या संस्थेत ते चालतं का आणि गाइड बदलता येतो का, हे दोन प्रश्न राजीनाम्याआधी विचारून घ्या. उत्तर 'नाही' आलं तर निदान शंका राहणार नाही.

हे सगळं विचारूनही सोडायचंच ठरलं, तर सोडा. गाइडशी संवाद तुटलेल्या अवस्थेत पाचवं आणि सहावं वर्ष काढलेली मुलं मी मुलाखतीत पाहिली आहेत. पदवी हातात असते, पण स्वतःच्या कामाबद्दल बोलताना आवाजच निघत नाही.

आता हातांबद्दल. रचना ठरवण्याचं काम म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणारं एचपीएलसी आणि प्रेप कॉलम, वेगळ्या झालेल्या घटकाचा मास (रेणूचं वजन) दाखवणारं एलसी-एमएस आणि रेणूची रचना दाखवणारं एनएमआर आलंच. आमच्या धंद्यात याच कौशल्यांना इम्प्युरिटी प्रोफायलिंग, म्हणजे अशुद्धी ओळखणं, म्हणतात. तुम्ही पाल्याच्या अर्कातून अनोळखी संयुग शोधता, आम्ही औषधाच्या गोळीतून. नियमच असा आहे की ज्या औषधाचा रोजचा डोस २ ग्रॅमपर्यंत आहे, त्याच्या मूळ द्रव्यात एखादी अशुद्धी ०.१० टक्के किंवा दिवसाला १ मिलिग्रॅम, यांतलं जे कमी असेल त्याच्या वर गेली, तर ती नेमकी काय आहे ते शोधून दाखवावं लागतं. 'आलेखावर एक छोटं पीक (इंग्रजीतलं peak, टोक) आहे' एवढ्यावर भागत नाही. ते पीक वेगळं काढायचं, त्याचा मास बघायचा, तुकडे कसे पडतात ते जुळवायचं, मिलिग्रॅमभर माल जमवून एनएमआर करायचा. तुम्ही हे चार वर्षं करताय, आणि तेही ज्यात शंभर घटक एकावर एक बसलेले असतात अशा अर्कातून. गोळी त्या मानाने स्वच्छ.

त्यात २०१८ च्या जुलैत व्हल्सार्टन या रक्तदाबावरच्या औषधात एनडीएमए नावाचं, कर्करोगाचा धोका असलेलं नायट्रोसामीन सापडलं आणि युरोप-अमेरिकेत माल परत मागवला गेला. एनडीएमएला दिवसाला ९६ नॅनोग्रॅम एवढीच मर्यादा आहे. त्यानंतर प्रत्येक कंपनीला आपापल्या सगळ्या औषधांची या दृष्टीने छाननी करावी लागली. इतक्या खालच्या पातळीवर मोजायचं तर साध्या यूव्ही डिटेक्टरचा उपयोग नाही, मास स्पेक्ट्रोमीटर लागतो आणि तो चालवणारा माणूसही. त्या काळात एलसी-एमएसवर बसलेल्या माणसाला पदवी काय आहे हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. आता तेवढी घाई नाही, पण काम टिकून आहे.

मुलाखतीत काय होतं ते सांगतो. मी बायोडेटा बाजूला ठेवतो आणि एक क्रोमॅटोग्राम, म्हणजे एचपीएलसीतून निघणारा आलेख, पुढे सरकवतो. सी-१८ कॉलम, आम्लधर्मी फॉस्फेट बफर, आणि मुख्य पीकच्या उतारावर एक खांदा, म्हणजे चिकटलेला छोटा फुगवटा. विचारतो, काय कराल? पुस्तकी उमेदवार लगेच म्हणतो, 'कॉलम बदलू.' ज्याने खरंच रात्री यंत्रापाशी काढल्यात, तो आधी उलट विचारतो. ब्लँक, म्हणजे सॅम्पल नसलेल्या इंजेक्शनमध्ये हा खांदा दिसतो का? सॅम्पल कशात विरघळवलं होतं, मोबाइल फेजपेक्षा, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणापेक्षा, तीव्र सॉल्व्हंट तर नव्हता? कमी मालाचं इंजेक्शन मारलं तर खांदा तसाच राहतो का? मग पीक प्युरिटी (त्या पीकखाली एकच संयुग आहे का) बघतो, मग पीएच थोडा हलवून बघतो, आणि कॉलम सगळ्यात शेवटी. अशा उलट प्रश्नांवर माझी निवड बहुतेक वेळा ठरते. त्याने कशावर पीएचडी केली, किंवा केली की नाही, ही गोष्ट चहा पिताना निघते.

उणी बाजूही ऐका. संशोधन प्रयोगशाळेत इंजेक्शन बिघडलं तर आपण पुन्हा मारतो आणि चांगलं ते ठेवतो. औषध कारखान्यात हे केलंत तर नोकरी जाईल. प्रत्येक इंजेक्शनची नोंद राहते, बिघडलेल्याचीसुद्धा. निकाल मर्यादेबाहेर गेला तर त्याची रीतसर चौकशी होते आणि 'पुन्हा केल्यावर बरोबर आलं' हे कारण चालत नाही. खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारून सही, तारीख आणि कारण लिहायचं. पीएचडीतून येणाऱ्यांना पहिले सहा महिने हा जाच वाटतो. आयसीएच या औषधांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची दोन मार्गदर्शक तत्त्वं फुकट मिळतात, मेथड व्हॅलिडेशनचं (मोजण्याची पद्धत भरवशाची आहे हे दाखवण्याचं) क्यू२ आणि अशुद्धींबद्दलचं क्यू३ए. मुलाखतीला यायच्या आधी वाचून या. बाहेरून येणारे फार थोडे वाचून येतात, त्यामुळे जो वाचतो तो लगेच कळतो.

दुसरी जागा तुम्हाला घरची आहे, कदाचित म्हणूनच सुचली नसेल. तासगावची द्राक्षं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांमुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, तुमच्या भागात तो हंगाम अजून लोकांच्या लक्षात असेल. निर्यातीच्या मालाची कीडनाशकांच्या अवशेषांसाठी तपासणी होते. या व्यवस्थेची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आहे, आणि प्रत्यक्ष नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा बऱ्याचशा खासगी, एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेच्या. काम एलसी-एमएस/एमएस आणि जीसी-एमएस/एमएस या मास मोजणाऱ्या यंत्रांवर. वनस्पतीच्या गुंतागुंतीच्या रसातून नेमकं हवं तेच कसं काढायचं हे तुम्हाला येतं. फार्मातल्या माणसाला ते नव्याने शिकावं लागतं. हंगामात या प्रयोगशाळा रात्रंदिवस चालतात आणि नंतर काम मसाले, दूध, पाणी यांच्या तपासणीकडे वळतं. पगार फार्मापेक्षा साधारण कमी, पण दोन वर्षांत यंत्र अंगात भिनतं आणि आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांच्या दर्जाच्या मानकाची शिस्त लागते. तिथून पुढे यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांत अ‍ॅप्लिकेशन सायंटिस्ट म्हणून जाणारे बरेच. ते काम मला तरी हेवा वाटण्यासारखं वाटतं. आज एका प्रयोगशाळेची अडचण, उद्या दुसरीची, आणि यंत्र कायम नवं कोरं. फिरण्याची मात्र तयारी हवी.

तिसरी वाट पेटंटची, आणि ती तुमच्या विषयाला विशेष लागू पडते. हळदीची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं, सीएसआयआरने जुने संदर्भ पुढे ठेवून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्या पेटंट कायद्यात पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाकारणारं कलम ३(पी) आहे, नुसत्या मिश्रणाला नाकारणारं ३(ई) आहे. वनस्पतींच्या अर्कांवरचे अर्ज याच कलमांवर अडतात. तिथे 'हे खरंच नवं संयुग आहे की जुनाच काढा नव्या बाटलीत' हे वाचून सांगणारा रसायनतज्ज्ञ लागतो. पेटंट एजंट व्हायला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी पुरते, पीएचडी लागत नाही. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा, प्रत्येकात किमान ५० टक्के आणि एकूण ६० टक्के. सरकारी बाजूने पेटंट परीक्षकाच्या जागा निघतात, त्याही एमएस्सीवर. प्रशिक्षणाची संस्था नागपूरला आहे. हे दिवसभर वाचण्याचं आणि लिहिण्याचं काम आहे. सॉल्व्हंटच्या वासाशिवाय करमत नाही अशी माणसं वर्षभरात कंटाळतात. तुम्ही कोणत्या प्रकारच्या आहात ते तुम्हालाच माहीत.

बाकीच्या वाटा थोडक्यात. तुमच्या निकालपत्रात सहायक प्राध्यापक पात्रता असेल तर ती आयुष्यभर टिकते, आणि जुलै २०२३ पासून त्या पदाला पीएचडी सक्तीची नाही. पण महाराष्ट्रात पूर्णवेळ जागा किती निघतात आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, माणसं किती वर्षं काढतात हे तुम्ही आजूबाजूला बघितलंच असेल. शिवाय सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएचडी लागतेच, म्हणजे फिरून तिथेच. सरकारी वैज्ञानिक पदांमध्ये आधी वयाची अट बघा. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) प्रशिक्षण प्रवेशाला खुल्या गटात २६ ची मर्यादा आहे, ती गाडी बहुधा गेली. राज्य सेवांत वयाची मर्यादा पुष्कळ सैल असते. न्यायवैद्यक प्रयोगशाळांतल्या रासायनिक विश्लेषकांच्या जागांवर नजर ठेवा. रेग्युलेटरी अफेअर्स (औषधांच्या मंजुरीचं कागदी काम) आणि मेडिकल रायटिंगमध्ये इंग्रजी चांगलं असणाऱ्याला जागा आहेत, पण लेखनाचा नमुना मागतात आणि तुमच्याकडे आत्ता पेपर नाही. म्हणून ती वाट दुसऱ्या टप्प्यावर ठेवा.

आता जे कुणी स्पष्ट सांगत नाही ते. पीएचडी नसल्याने काही ठिकाणी वर छत लागतं. नवीन औषध शोधणाऱ्या डिस्कव्हरी विभागात ग्रुप लीडरच्या वर जायचं तर आज पीएचडी जवळजवळ धरूनच चालतात. गर्ट्रूड एलियनचं उदाहरण नेहमी दिलं जातं. नोकरी टिकवायची म्हणून तिने पीएचडी सोडली आणि १९८८ चं नोबेल मिळवलं, हे खरंच आहे. पण ती १९४४ मध्ये बरोज वेलकममध्ये लागली आणि तिचे वरिष्ठ जॉर्ज हिचिंग्ज यांनी तिला एकेक दार उघडू दिलं. तेव्हाची शिडी वेगळी होती. त्या उदाहरणावर करिअर बेतू नका. अ‍ॅनालिटिकल, प्रोसेस डेव्हलपमेंट, क्वालिटी, रेग्युलेटरी, पेटंट इथे छत बरंच उंच आहे. माझे दोन वरिष्ठ बीएस्सीवाले होते.

पैशाचंही ऐकून घ्या. फेलोशिपवर पीएफ कापला जात नाही, त्यामुळे एचआरच्या कागदांत तुमची चार वर्षं 'अनुभव' म्हणून दिसत नाहीत. काही ठिकाणी ती निम्मी धरतात, काही ठिकाणी शून्य. एसआरएफला ४२,००० आणि वर घरभाडं मिळत असेल, तर पहिला पगार त्याच्या आसपास किंवा खालीही येऊ शकतो आणि शेजारच्या टेबलावर तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान मुलगी त्याच ग्रेडवर असेल. पहिल्या नोकरीत रकमेसाठी ताणण्यापेक्षा कोणत्या यंत्रावर बसवणार हे विचारा आणि तेवढ्यासाठी ताणा. क्यूसीच्या (तयार मालाच्या गुणवत्ता तपासणीच्या) रूटीन बेंचवर गेलात तर दिवसभर तेच सॅम्पल, तीच मेथड. तिथून डेव्हलपमेंटमध्ये यायला लोकांना वर्षं लागतात.

सोडण्याची तारीख नोकरी हातात आल्यावर ठरवा. आणि निघताना कागद गोळा करा. कोर्सवर्कची गुणपत्रिका, फेलोशिपच्या कालावधीचं पत्र, कोणती उपकरणं स्वतंत्रपणे चालवली याचं प्रमाणपत्र. हे गाइडने द्यायलाच हवं असं नाही, उपकरण विभागाच्या प्रमुखांचं पत्रही चालतं आणि माझ्या लेखी ते जास्त वजनाचं असतं, कारण यंत्र कोण बिघडवतं हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. अवॉर्ड लेटरमधल्या राजीनाम्याच्या अटी वाचा. कच्चा डेटा संस्थेचा आहे, पेनड्राइव्हवर उचलून आणू नका. आम्ही मुलाखतीत असा डेटा दाखवणाऱ्याला घेत नाही, उद्या तो आमचाही नेईल. अर्धवट पेपर कुणा ज्युनियरच्या हाती देणार असाल तर लेखकांच्या यादीत तुमचं नाव राहील हे ईमेलवर लिहून घ्या.

बायोडेटात 'पीएचडी पर्स्यूइंग' असं लिहू नका. ते वाचून एचआरला वाटतं ही मध्येच निघून जाणार. चार वर्षं गाळूही नका, खड्डा दिसतो. अनुभवाच्या भागात संशोधन फेलो म्हणून कालावधी, त्याखाली काम, आणि शेवटी एक ओळ, थीसिस सादर केला नाही. का सोडलं हे विचारणारच. दोन वाक्यांत उत्तर द्या. 'रचना ठरवण्याचं काम मला आवडतं, ते उद्योगात करायचं आहे. पुढची दोन वर्षं लिखाणात घालवण्यापेक्षा आत्ताच यायचं ठरवलं.' गाइडचं नाव निघालं तर ते चांगले शास्त्रज्ञ आहेत म्हणा आणि थांबा. पुणं लहान आहे, समोर बसलेला माणूस त्यांचाच विद्यार्थी असू शकतो.

घरच्यांचं. 'सोडतेय' असं सांगितलंत तर घरात सुतक पडेल. 'अमुक कंपनीत अमुक तारखेला रुजू होतेय' असं सांगा. तासगावात ऑफर लेटरची भाषा सगळ्यांना कळते.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही आणि त्यावर माझं पुढचं उत्तर ठरेल. एलसी-एमएसवर तुम्ही नुसता मास बघितला आहे, की कॅलिब्रेशन कर्व्ह (ठाऊक प्रमाणांच्या नमुन्यांवरून काढलेला आलेख) काढून मोजणीही केली आहे? आणि यंत्र ऑपरेटर चालवत होता की तुम्ही स्वतः? मोजणी केली असेल तर अवशेष प्रयोगशाळा आणि फार्मा, दोन्हीकडे आत्ताच अर्ज टाकायला लागा. नसेल, तर सोडायच्या आधी उपकरण विभागात तीन महिने मागून घ्या आणि तुमच्याच एखाद्या शुद्ध संयुगाची मोजणीची मेथड पहिल्यापासून शेवटपर्यंत बसवा. रेखीयता, अचूकता, पुनरावृत्ती, किमान मोजता येणारी पातळी, सगळं. त्यासाठी गाइडची सही लागत असेल तर 'थीसिससाठी लागेल' म्हणा, ते खोटंही नाही. काय केलं आहे ते लिहा, मग कुठे अर्ज करायचा ते नेमकं सांगतो.